भरून येणारें व भरून न येणारें

मुलांच्या शास्त्रविषयक पाठ्यपुस्तकांत ‘ऊती’ हा एक शब्द येतो. मुलें त्याची व्याख्या व प्रकार पाठ करतात, आणि परीक्षा आटोपतांच विसरतात. घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस तर हा शब्द कोणीं तरी नवीनच बनविला असावा असें वाटतें. वस्तुतः ‘वे’ म्हणजे विणणें या संस्कृत धातूशीं त्याचें नातें आहे. आपल्या नित्य परिचयाच्या ‘ओतप्रोत’ या शब्दांतील ‘ओत’ त्याच धातूचा होय. बृहदारण्यकोपनिषदांत गार्गी याज्ञवल्क्यांस हें सर्व कशांत ओतप्रोत आहे असें विचारते, तिच्या प्रश्नांतही हेंच विणकाम आहे. फ्रेंच शारीरशास्त्रज्ञ झाव्हिये बिशा (१७७१-१८०२) यानें शरीराच्या घटकांस जो शब्द योजिला, त्याचाही मूळ अर्थ विणलेलें वस्त्र असाच. सूक्ष्मदर्शकाचें साहाय्य न घेतां त्यानें अशा एकवीस ऊती वर्णिल्या, आणि अवघ्या तीस वर्षांचा असतां तो वारला.

एका कुळींतल्या व मिळून एकच कार्य करणाऱ्या पेशींचा समुदाय म्हणजे ऊती, ही व्याख्या ठीकच आहे. परंतु गृहस्थास तिच्याहून अधिक उपयोगाचा प्रश्न आम्हांस निराळाच वाटतो. कोणती ऊती गेली असतां पुनः येते, आणि कोणती येत नाहीं?

प्रथम वनस्पतींचें पाहूं. त्यांच्यांत वाढणाऱ्या त्या विभाजी ऊती, आणि वाढ संपवून नेमलेल्या कामास लागलेल्या त्या स्थायी ऊती. बटाट्यांत पिष्ट साठवून ठेवते ती मूलऊती. भोपळ्याच्या वेलास लवचीक बळकटी देते ती स्थूलकोन ऊती. नारळाची करवंटी व तागाचे धागे हें दृढऊतीचें काम, आणि तिच्या पेशी तर मेल्यावरही आधार देत राहतात. विभाजी ऊती मात्र ठराविक जागींच असतात. हरळीची वाढ पेऱ्यांशीं व पात्यांच्या बुडाशीं होत असल्यामुळें गाईनें शेंडे खाल्ले तरी ती पुनः वर येते.

आंब्यासारख्या वृक्षाच्या खोडांत सालीच्या आंत रसवाहिन्या, त्यांच्या आंत वर्धिष्णु पेशींचा एक पातळ थर, आणि त्याच्याही आंत लांकूड म्हणजे जलवाहिन्या, अशी रचना असते. मुळांनीं शोषलेलें पाणी लांकडांतून वर चढतें. पानांनीं तयार केलेलें अन्न सालीकडील रसवाहिन्यांतून खालीं उतरतें. सतराव्या शतकांत इटलींतील मार्चेल्लो माल्पीघी यानें फांदीवरील सालीचें वलय काढून पाहिलें, तेव्हां वलयाच्या वरचा भाग फुगला. खालीं जाणारें अन्न तेथें अडलें होतें.

आतां आपल्या अंगणांत या. वाळवणासाठीं झाडास तार गुंडाळलेली असते. खोड वर्षानुवर्षें जाड होत जातें, तार तेवढीच राहते, आणि हळूहळू सालींत रुतून हेंच वलय पाडते. अर्जुनसादड्याची साल हृदयास हितकर म्हणून लोक सभोंवार सोलून नेतात, त्याचाही परिणाम तोच. लांकूड शाबूत असल्यानें पाणी चढत राहतें व पानें कांहीं काळ हिरवीं दिसतात. मुळें मात्र आंतल्या आंत उपाशी मरतात. पुढें झाड वाळलें म्हणजे दोष उन्हाळ्यास किंवा वाळवीस दिला जातो! तार रुतली असल्यास ती ओढूं नये. कापून मोकळी सोडावी. एका बाजूची लहानशी जखम झाड भरून काढतें, पूर्ण वलय मात्र त्यास बहुधा भरतां येत नाहीं. माडाच्या खोडांत तर हा वर्धिष्णु थरच नसतो. म्हणून चढण्यासाठीं पाडलेल्या खांचा जन्मभर तशाच राहतात.

प्राण्यांच्या ऊती मुख्यतः चार. त्वचेचा बाहेरचा थर व आंतड्याचें अस्तर ही अभिस्तर ऊती. हाड, कूर्चा, चरबी व रक्त ही संयोजी. हालचाल करणारी ती स्नायूऊती. आणि संदेश नेणारी ती चेताऊती. यांतही तोच भेद आहे. लहान आंतड्याचें अस्तर थोड्याच दिवसांत नवें होतें. रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात व अस्थिमज्जा नव्या पुरविते. मोडलेलें हाड सांधतें. कूर्चेस रक्तवाहिन्या नसल्यानें झिजलेला गुडघा सहसा भरत नाहीं. हृदयाचा स्नायु व मेंदू यांची गोष्ट याहून कठीण. हृदयाच्या एखाद्या भागाचें रक्त थांबलें म्हणजे सुमारें अर्ध्या तासानें तेथील पेशी मरूं लागतात, आणि मेलेल्या स्नायूच्या जागीं केवळ वण राहतो; तो वण आकुंचन पावत नाहीं. मेंदूंतील मृत चेतापेशींच्या जागींही बहुशः नव्या येत नाहींत.

म्हणून आमची सर्व कुटुंबांस एक आग्रहाची विनंती आहे. छातींत दाब किंवा कळ येऊन घाम सुटला, तर ‘वायु धरला असेल, ओवा चावून पडून राहा’ असें कोणीं सांगूं नये. तोंड एका बाजूस ओढलें गेलें, हात लुळा पडला किंवा बोलणें अडखळूं लागलें, तर सकाळची वाट पाहूं नये. मेंदूंतील रक्ताची गांठ विरघळविणारें औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, आणि तेंही तपासणी झाल्यावरच. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. घरांत वडील माणसांचें मत घेतल्यावांचून पाऊल न टाकण्याची आपली रीत चांगली आहे; परंतु अशा वेळीं घरांतील धाकट्या सुनेनेंही कोणाची अनुज्ञा न मागतां तो क्रमांक फिरवावा, आणि वडिलांनीं हें तिला आजच सांगून ठेवावें.