ज्वालामुखीवरचा सातबारा

मेक्सिकोत पोपोकातेपेत्ल नावाचा एक ज्वालामुखी आहे. नावाचा उच्चार जमला नाही तरी टेन्शन नको, पायथ्याची माणसं त्याला लाडानं ‘डॉन गोयो’ म्हणतात. आपल्या भाषेत गोयोअण्णा! सेंट ग्रेगरीच्या दिवशी, म्हणजे १२ मार्चला, गावकरी डोंगरावर नैवेद्य घेऊन जातात आणि त्याच्याकडे पाऊस मागतात. डिसेंबर १९९४ मध्ये हे अण्णा पुन्हा जागे झाले आणि तेव्हापासून अधूनमधून धूर-राख सोडतातच. सरकार गावं रिकामी करायला लावतं, आणि लोक मका आणि गुरांच्या ओढीनं परत येतात.

हा किस्सा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये सांगितला, तर माझी एक सहकारी म्हणाली, ‘‘कमाल आहे यार! ज्वालामुखीजवळ कोण शेती करतं?’’

मॅडम मूळच्या इंदापूर तालुक्यातल्या.

आता मला सांगा, इंदापूर आणि बारामती कशावर वसलंय? साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि लाव्हा वाहायला लागला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर बसत गेले. आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. आपले सह्याद्रीचे कडे म्हणजे त्याच थरांची कापलेली बाजू. शाळेत ‘दख्खनचे पठार’ म्हणून घोकलेला फंडा तो हाच. मेक्सिकोवाल्यांचा ज्वालामुखी निदान लांबून दिसतो. आपण तर थेट त्याच्यावर ऊस लावलाय, फक्त तो कायमचा झोपलाय इतकंच.

हे सगळं कँटीनमध्येच संपलं असतं, पण बाईंच्या घरी नेमका जमिनीचा विषय पेटलेला होता. वडील आणि चुलते वाटणी करणार होते. तुकडे दोन. एक, कालव्याखालची चार एकर काळी. दुसरा, वरच्या अंगाला सहा एकर मुरमाड माळ. वडील पुण्यात, ही एकुलती एक, त्यामुळे ‘तूच सांग काय घ्यायचं’ हा प्रश्न थेट तिच्या डोक्यावर. तिचं उत्तर तयार होतं : काळीच घ्यायची. विकायची वेळ आली तर भाव काळीला. सोपं गणित.

एका शनिवारी तिच्यासोबत मीही गेलो. ड्रायव्हिंगला कंपनी, परत येताना भिगवणला मासे, असा साधा प्लॅन होता.

काकांनी आधी विहीर दाखवली. विहिरीत डोकावलं की ज्वालामुखीचा अख्खा बायोडेटा वाचता येतो, हे मला तिथं कळलं. सगळ्यात वर काळी माती. त्याखाली मुरूम, म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला लाव्हा. मग बारीक पोकळ्यांचा दगड, ज्याला विहीर खणणारे ‘मांजऱ्या’ म्हणतात. आणि शेवटी काळाकभिन्न कातळ. पाणी राहतं ते मुरमात आणि दगडाच्या भेगांमध्ये. नुसत्या कातळात काही नाही. म्हणून शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागतं आणि आपल्याला नुसती धूळ. नशिबाला शिव्या घालण्यात अर्थ नाही, भेग कुठून गेलीय त्यावर सगळं आहे.

मग आम्ही काळीत गेलो. ही माती म्हणजे सॉलिड प्रकरण आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी धरून ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, म्हणून तर नुसत्या ओलीवर रब्बीची ज्वारी येत आली. आपल्या जुन्या भाषेत शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात, ते उगीच नाही.

पण काका उसाच्या एका कोपऱ्यात थांबले. तिथं ऊस खुरटलेला होता आणि जमिनीवर पांढरट पापुद्रा.

‘‘हे काय, काका?’’

‘‘मीठ फुटलंय, पोरी. पाणी फुकटात मिळतंय म्हणून आम्ही पाजतच राहिलो. खाली निचराच नाही. पयलं एकरी साठ टन निघायचा, आता तिशीला रडतोय.’’

ही गोष्ट काही त्यांच्या एकट्याची नाही. नीरा डावा कालवा आला १८८५ च्या सुमारास, १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर. बारामती-इंदापूरच्या पट्ट्याचं नशीब त्यानं पालटलं. १९३० च्या दशकात वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला, पुढे सहकारी कारखाने आले. पण कालव्याखालच्या जमिनी पाणथळ आणि खारवट होतायत, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सरकारी इंजिनिअरांच्या लक्षात आलं होतं आणि निचऱ्यासाठी चर खणायची कामंही तेव्हापासून सुरू झाली. म्हणजे वॉर्निंग शंभर वर्षं जुनी आहे, बॉस! जो गुण दुष्काळात तारतो, पाणी न सोडण्याचा, तोच बारमाही पाटपाण्यात मारतो.

आणि तो मुरमाड माळ? तिथं काकांच्या शेजाऱ्यानं ठिबकवर डाळिंब लावलेलं. डाळिंबाला पाणी साचलेलं चालत नाही, त्याला निचऱ्याची हलकी जमीनच मानवते. बारामतीजवळ माळेगावला २००९ साली केंद्र सरकारची एक संशोधन संस्था सुरू झाली, अजैविक ताणावर काम करणारी. म्हणजे दुष्काळ, खारेपणा, उथळ खडकाळ जमीन असल्या कटकटींवर. तिला जागाच मिळाली खडकाळ माळाची. तो फोडून, सपाट करून त्यांनी शेतं केली, ड्रॅगन फ्रूटसुद्धा घेतलं. माळ फुकट जातो असं नाही, पण पाणी आणि भांडवल दोन्ही लागतं, आणि ते मोजून वापरावं लागतं. नुसता रोमँटिक फार्महाऊसचा विचार करून तिथं काही उगवत नाही.

परतीच्या वाटेत मॅडमचं सोपं गणित पार विस्कटलं होतं. काळी घ्यावी, तर ती बिघडत चाललेली. माळ घ्यावा, तर त्यावर खर्च. आणि सगळ्यात अवघड मुद्दा म्हणजे काका. पुण्यात बसून आपण चांगला तुकडा निवडणार, आणि जे तिथं राबतात त्यांच्या वाट्याला उरलेला देणार?

भिगवणला मासे खाताना समोर उजनीचं पाणी पसरलेलं होतं. हिवाळ्यात फ्लेमिंगोंचे फोटो काढायला आपण सगळे इथं येतो. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, आणि पाण्याखाली गेली ती नदीकाठची गावं आणि त्यांची काळी. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. इथल्या कित्येक घरांना वाटणीचा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण वाटायला जमीनच राहिली नाही. हे ती बोलली, मी नाही.

शेवटी दोन्ही तुकडे निम्मे-निम्मे करायचं ठरलं. काळीत आधी माती परीक्षण, मग निचऱ्याची पाइपलाइन. खर्च दोघांत. ऊस कमी, मधे ताग-ढैंचा. जिप्सम घालायचं का, ते रिपोर्ट बघून. माळावर पुढच्या वर्षी डाळिंब, जमलं तर. काका अजून साशंक आहेत. ‘‘दोन वर्सं जातील नुसती जमीन सुधरायला,’’ म्हणतात. दोन वर्षं तिच्या वडिलांनी उत्पन्न मागायचं नाही, ही तिची अट होती आणि वडिलांनी ती मान्य केली.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा सातबारा कपाटात असणार. वाटणी, हक्कसोड, विक्री, कशावर तरी सही मागायला आज ना उद्या फोन येणार. तेव्हा एवढंच करा. शेत एकदा मे महिन्यात बघा आणि एकदा ऑगस्टमध्ये. विहिरीत डोकावा. माती परीक्षण करून घ्या, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात ते होतं. त्याच बारामतीत ऊसशेतीत एआय वापरून पाणी-खत ठरवायचा प्रयोग चाललाय, आणि २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांनी त्याचं जाहीर कौतुक केलंय. तेव्हा ‘शेतीतलं आपल्याला काय कळतंय’ ही आयटीवाल्यांची सबब आता चालायची नाही.

आणि जो माणूस ती जमीन कसतोय, त्याच्याशी किमान एक अख्खा दिवस बोला. पेन त्यानंतर उघडा.