खालच्या थरातल्या मुली

ऑगस्ट लागला की अमेरिकेतल्या गावोगावच्या मैदानांवर संध्याकाळी गजबज सुरू होते. एका बाजूला हेल्मेट घातलेली मुलं फुटबॉलच्या सरावाला लागतात, दुसऱ्या बाजूला सात-आठ वर्षांच्या मुली एक ते आठ आकडे मोजत टाळ्या देत असतात. या मुलींपुढे उभी असलेली बाई बहुतेक वेळा त्यांच्यातल्याच कुणाची तरी आई असते. ‘प्रशिक्षक मिळाला नाही तर यंदा चिअरलीडिंगचं पथक होणार नाही’ असं नोंदणीच्या दिवशी कानावर आलं आणि तिने हात वर केला. तिकडे वाढणाऱ्या मराठी मुलीही अशा पथकांत असतात, त्यामुळे ही वेळ आपल्या आयांवरही येते. हे काम पहिल्यांदाच अंगावर घेणाऱ्या प्रत्येकीला आम्हाला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पहिल्या हंगामात वर कोण चढणार हा विचार बाजूला ठेवा. खाली कोण उभं आहे ते बघा.

भारतात चिअरलीडर म्हटलं की २००८ पासूनचे आयपीएलचे सामने डोळ्यांपुढे येतात. मुलींच्या पथकांचं चिअर त्याहून बरंच वेगळं असतं. त्यात घोषणा असतात, हातांच्या ठरलेल्या हालचाली, उड्या, कोलांट्या असतात, आणि एकीला दोघीतिघींनी उचलून धरायचे प्रकारही असतात. त्यांना ‘स्टंट’ म्हणतात. वर जाणारी ती ‘फ्लायर’, खाली भार घेणाऱ्या ‘बेस’, आणि मागे उभी राहून वरचीला सांभाळणारी ‘बॅकस्पॉट’. दहीहंडी पाहत वाढलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

या साऱ्याची सुरुवात मात्र गळ्यापासून झाली. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर येऊन उभा राहिला आणि त्यांच्याकडून एका सुरात घोषणा वदवून घेऊ लागला. पुढे बरीच वर्षं हे काम पुरुषांकडेच होतं. मिनेसोटात मुली आल्या त्या १९२३ मध्ये. लॉरेन्स हर्किमर यांनी १९४८ मध्ये टेक्सासात चिअरलीडिंगचं शिबिर भरवलं तेव्हा ५२ मुली आणि एक मुलगा आला होता. अवघड स्टंट आणि मनोऱ्यांना जोर चढला तो त्याच्याही नंतर. सांगायचा मुद्दा असा, की आठ वर्षांच्या मुलीला हवेत उचललं नाही म्हणून तिचं चिअर अपुरं राहत नाही. पोटातून आवाज काढायला शिकणं, पंधरा जणींचे हात एकाच क्षणी एकाच कोनात थांबणं, उडी मारून गुडघे किंचित वाकवून अलगद उतरणं, एवढ्यावर एक हंगाम आनंदात जातो. नव्या प्रशिक्षिकेने स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगावं, कारण शेजारच्या गावाचं पथक स्टंट करतं हे तिला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ऐकवणार असतं.

घाई का नको, याचं उत्तर आकडे देतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने, २०१२ मध्ये चिअरलीडिंगमधल्या दुखापतींवर निवेदन काढलं. एकूण दुखापतींचं प्रमाण इतर खेळांपेक्षा कमीच आहे. पण जीव घेणाऱ्या किंवा कायमचं अपंगत्व आणणाऱ्या दुखापती पाहिल्या, तर माध्यमिक शाळांतल्या खेळाडू मुलींना १९८२ ते २००९ या काळात झालेल्या अशा दुखापतींपैकी जवळजवळ दोन तृतीयांश चिअरलीडिंगमधल्या होत्या. डोक्याला मार बसतो तो बहुतेक वेळा स्टंट करताना, आणि तो फक्त वरून पडणारीला बसत नाही. खाली येणाऱ्या मुलीचं कोपर बेसच्या कपाळावर आदळतं, झेलायला पुढे झालेली बॅकस्पॉट तिच्याखाली सापडते. म्हणूनच या डॉक्टरांनी चिअरलीडिंगला अधिकृतपणे खेळ मानावं असा आग्रह धरला. खेळ मानला की प्रशिक्षित प्रशिक्षक, सरावाची नीट जागा आणि वैद्यकीय देखरेख मागता येते.

गेल्या हंगामात एका मैदानाच्या कडेला उभं राहून आम्ही एक सराव पाहिला. थाय स्टँड चालला होता, म्हणजे स्टंटमधलं पहिलं पाऊल. दोन बेस शेजारी शेजारी, एकेक पाय बाहेर टाकून गुडघ्यात वाकलेल्या. फ्लायरने त्यांच्या मांड्यांवर उभं राहायचं. पाऊल पडायला हवं ते मांडीच्या मुळाशी, कमरेलगतच्या खोलगट जागी, कारण तिथे भार थेट हाडांवर येतो. गुडघ्याजवळ पडलं की खालचीचा पाय थरथरू लागतो. मुलगी वर गेली, तिने हात उंचावले. प्रशिक्षिका मनापासून खूश झाली. ‘हस, हस, समोर बघ,’ असं ती वरचीला सांगत राहिली. तेवढ्यात डावीकडच्या बेसचा गुडघा आत वळू लागला होता, तिचे ओठ दाताखाली गेले होते, आणि मागची मुलगी हात खाली सोडून पार्किंगमध्ये शिरणाऱ्या गाडीकडे बघत होती. कुणालाही लागलं नाही. फ्लायर खाली उतरली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचीच आम्हाला जास्त काळजी वाटली, कारण आज जे निभावलं तेच उद्या खांद्याच्या उंचीवर करून बघावंसं वाटतं.

प्रशिक्षिकेची नजर खालून वर जायला हवी. आधी बेसचे गुडघे आणि पाठ, मग मागचीचे हात, आणि सगळ्यात शेवटी वरचीचं हसू. बॅकस्पॉटने फ्लायरवरून नजर हलवायचीच नाही, गाडी येवो की आई येवो. आणि चौघींपैकी कुणीही ‘डाउन’ म्हटलं की स्टंट त्याच क्षणी खाली येतो; कोण म्हणालं, का म्हणालं, हे नंतर. हा नियम चांगल्या पथकांत पहिल्या दिवसापासून शिकवतात. आमच्या मते आठ वर्षांच्या मुलीला कोणत्याही खेळातून मिळावी अशी ही शिकवण आहे: मला भार पेलवत नाही हे मोठ्याने म्हणायचं, आणि तसं म्हटल्याबद्दल कुणी रागवायचं नाही.

वर कोणाला घ्यायचं हा प्रश्न नाजूक असतो. सर्वांसमोर मुलींना वजनावरून निवडलं की खाली राहिलेल्या मुली त्या संध्याकाळी घरी जाऊन आरशासमोर उभ्या राहतात. शरीर ताठ धरता येणं, उंचीची भीती नसणं, सांगितलेलं लगेच ऐकणं हे गुण फ्लायरला लागतात आणि ते वजनकाट्यावर दिसत नाहीत. सुरुवातीला प्रत्येकीला प्रत्येक जागी उभं करून पाहावं. बेसची जागा ही उरलेल्यांची जागा आहे असं एकदा मुलींच्या मनात बसलं की ते काढता निघत नाही.

महाराष्ट्रातही वर कोणाला चढवायचं हा वाद दहीहंडीच्या रूपात गाजला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालच्या गोविंदांना मनाई करून हंडीची उंची वीस फुटांवर आणली. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, परत आला, आणि २०१७ मध्ये उंचीची अट सुटली. चौदा वर्षांखालची मुलं थरांत नसतील, अशी हमी मात्र राज्य शासनाला द्यावी लागली. वरच्या थरासाठी हलकं मूल हवं, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच, आणि त्या मुलाच्या वतीने कुणीतरी बोलावं लागतं हेही सारखंच. मैदानावर ते कुणीतरी म्हणजे प्रशिक्षिका.

मग पालक विचारतात, ‘आमची मुलगी वर कधी जाणार?’ ‘अजून नाही’ हे उत्तर द्यायला पहिल्या वर्षी फार जड जातं. समोरची बाई शेजारीण असते, कधी मैत्रीणही असते. तरी ते द्यावं, कारणासकट द्यावं. गवत ओलं आहे, म्हणून आज कोणीच वर जाणार नाही. कुणाचं डोकं आपटलं, तर ती त्या दिवशी परत सरावात उतरणार नाही, आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय पुढेही नाही.

आणि पहिल्या सरावाच्या आधी एकदा एकटीनेच मैदानावर चक्कर मारून यावी. जमीन कुठे उंचसखल आहे, फोनला रेंज कुठे येते, रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून आत येईल, आणि त्या फाटकाला कुलूप असेल तर संध्याकाळी सहानंतर त्याची चावी कुणाकडे असते.