बांडगूळ कुणाला म्हणता?

आंब्यावर वाढणाऱ्या एका वनस्पतीला आमच्या भागात सर्रास बांडगूळ म्हणतात आणि बांडगूळ म्हणूनच कोयत्याने छाटून टाकतात. ते बांडगूळ नव्हे. ती आमरी आहे, म्हणजे हल्ली सगळे जिला ऑर्किड म्हणतात ती. आजचं लिखाण या गैरसमजाबद्दल आहे आणि त्याच्या अगदी उलट टोकाच्या एका हौसेबद्दलही. एक माणूस बांडगूळ समजून तोडतो, दुसरा ऑर्किड समजून ओरबाडतो. झाडाच्या बाजूने पाहिलं तर दोघांत फरक तो काय?

पुण्या-मुंबईच्या भाचरांना हसू येईल. कळंबला ऑर्किड? जिथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वर्षाचा पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही पडला तर! पण हो, आहे. मांजरेच्या काठच्या गावांत जुने, गावरान, कुणाच्या तरी पणजोबांनी लावलेले आंबे अजून शिल्लक आहेत. त्यांच्या खोडाकडे नीट पाहिलं तर कुठे कुठे पट्ट्यासारख्या जाड, खाचेतून दुमडलेल्या पानांची ही बाई दिसते. शास्त्रीय नाव वंदा टेसेलाटा. उन्हाळा सरताना आणि पावसाळ्यात फुलते. पिवळसर हिरव्या पाकळ्या, त्यावर तपकिरी चौकटी, मधली ओठासारखी पाकळी निळी-जांभळी. आणि वास! संध्याकाळी आंब्याखाली उभं राहिलं की अत्तराची कुपी उघडल्यासारखं वाटतं.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे फुलाआधी मला शब्द दिसतो, त्याला इलाज नाही. 'वंदा' हा शब्द मूळचा आपलाच. संस्कृतात वंदा, वंदाका म्हणजे झाडावर वाढणारं झाड, साधारण आपण ज्याला बांडगूळ म्हणतो ते. कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी १७८४ मध्ये स्थापन करणारे सर विल्यम जोन्स यांनी हा शब्द उचलला आणि पुढे १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने वंदा ही प्रजाती शास्त्राच्या वहीत पक्की नोंदवली. ती ज्या वनस्पतीवरून नोंदवली ती हीच, आपल्या आंब्यावरची. आज थायलंडपासून हवाईपर्यंत वंदाचे निळे, जांभळे, शेंदरी संकर हजारो रुपयांना विकले जातात. त्या सगळ्या गोताचं नाव ज्या वनस्पतीवरून पडलं तिला आमच्याकडे कोयता! आणि गंमत अशी की नाव देताना साहेबांच्या शास्त्रातही तोच घोटाळा राहून गेला. म्हणजे बांडगूळ म्हणणारा आमचा शेतकरी एकटा नाही.

एका ओळखीच्या शेतकऱ्याला मी हे सांगायला गेलो तर तो म्हणाला, "गुरुजी, ते झाड खातंय. कशाला जपताव त्याला?"

त्याचं चुकलं असं मी पटकन म्हणणार नाही, कारण खरं बांडगूळ त्याने पाहिलेलं असतं. ते आंब्याच्या फांदीत आपली मुळं घुसवतं, झाडाचं पाणी आणि क्षार ओढतं, फांदी वाळवतं. ते काढलंच पाहिजे. आमरी तसं करत नाही. तिची मुळं सालीला नुसती चिकटतात, आत शिरत नाहीत. मुळावर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं. पाऊस किंवा दव पडलं की ते पाणी पिऊन हिरवं होतं, वाळलं की पुन्हा चंदेरी. पाटीवर ओलं फडकं फिरवल्यावर रंग बदलतो ना, तसं. शेतकऱ्याला मी एवढंच दाखवलं. बोटाने मूळ हलवून दाखवलं, साल शाबूत आहे हे दाखवलं. तो म्हणाला, "मग खातंय तरी काय?" फार चांगला प्रश्न. शाळेत असा प्रश्न विचारणारी पोरं वर्षाला दोन-तीन भेटायची.

तर खाते काय? उजेड, हवा, पावसाचं पाणी, सालीच्या खाचेत साचलेली धूळ आणि पालापाचोळा. दिवसा उन्हात पानांची छिद्रं बंद ठेवते, रात्री उघडते, म्हणून पाणी फार उडून जात नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. आमच्याकडेही पाण्याची तीच गत. तो उन्हाळा या आंब्यांवरच्या आमऱ्यांनी कुणी घोटभर पाणी न देता काढला. पानं सुरकुतली, खालची दोन-चार गळाली, पण पाऊस पडल्यावर नवी मुळं फुटली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. आमरी अगदीच स्वावलंबी आहे असंही नाही. तिचं बी पिठासारखं बारीक, एका शेंगेत हजारो, काही जातींत लाखो. त्या बियांत शिदोरीच नसते. एक विशिष्ट बुरशी भेटली तरच बी रुजतं आणि सुरुवातीला त्या बुरशीच्याच जिवावर वाढतं. हे नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाने १८९९ मध्ये शोधलं. म्हणजे लेकरू असताना ती दुसऱ्याच्या ताटात जेवते, पण ज्या आंब्यावर राहते त्याच्या ताटात नाही. आपल्यापैकी कोण लहानपणी दुसऱ्याच्या ताटात जेवलं नाही?

आता त्या दुसऱ्या हौसेकडे येतो.

आमचं सात-आठ जणांचं एक टोळकं आहे. नाव, पावती पुस्तक, अध्यक्ष वगैरे काही नाही. निवृत्त कॅशियर, एक शिंपी, मेडिकल दुकानवाल्या काकू, कॉलेजातला एक तरुण प्राध्यापक आणि असेच आणखी. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर जमतो. चहा होतो, कुंड्या बघतो, एकमेकांच्या मेलेल्या झाडांची कारणमीमांसा करतो. चंडीगडला ऑर्किड सोसायटी ऑफ इंडिया आहे, सिक्कीममध्ये पाक्योंगला १९९६ पासून ऑर्किडचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. पण त्यांना कळंबच्या बोअरच्या पाण्याचं काय ठाऊक? आमच्या पाण्यात क्षार एवढे की मुळांच्या टोकांवर पांढरी पुटं चढतात आणि टोकं जळतात. शिंप्याने पहिल्या पावसानंतरचं पत्र्यावरचं पाणी ड्रममध्ये साठवून दाखवलं आणि सगळ्यांची झाडं सुधारली. असलं शहाणपण पुस्तकात क्वचित सापडतं, गच्चीवर मिळतं. म्हणून असं टोळकं हवंच या मताचा मी आहे.

दुसरं सुख देवाणघेवाणीचं. डेंड्रोबियमच्या जुन्या कांड्यावर कधी कधी मुळांसकट छोटं रोप फुटतं. जगभर त्याला केइकी म्हणतात. हा हवाई बेटांवरचा शब्द, अर्थ लेकरू. आम्ही सरळ लेकरूच म्हणतो. "काकू, तुमच्या जांभळीला लेकरू झालं का?" हे वाक्य बाहेरच्याने ऐकलं तर काय समजेल देव जाणे! तर लेकराची मुळं बोटभर झाली की ते कापून दुसऱ्याला द्यायचं. पैसे घ्यायचे नाहीत. माझ्या सात डेंड्रोबियमपैकी चार अशी आलेली आहेत. नर्सरीतलं रोप साडेतीनशे-चारशेच्या खाली येत नाही, तेव्हा पेन्शनीत बसणारी हौस ही अशीच.

मध्यंतरी आमच्यातले एक जण सह्याद्रीकडे सहलीला गेले आणि येताना पोतंभर आमऱ्या घेऊन आले. कुणीतरी गाड्यावर विकत होतं म्हणे. शेंगदाण्याच्या पोत्यासारखं पोतं गच्चीवर ओतलं. साठ-सत्तर रोपं, काहींना अजून सालीचे ढलपे चिकटलेले, म्हणजे जिवंत झाडावरून ओरबाडलेली. सगळ्यांचे डोळे चमकले. वाटणी झाली. मी घेतलं नाही, त्याचा थोडा राग आला लोकांना. कोकणच्या धुक्यात वाढलेली ती झाडं आमच्या कोरड्या वाऱ्यात मे अखेरीपर्यंत बहुतेक सगळी गेली. आणि आता पुढच्या वर्षी सगळ्यांनी मिळून गाडी करून जायचं, असा बेत चालू आहे.

माझा त्याला विरोध आहे. तिथे तोंडी बोललो, इथे जरा सविस्तर लिहितो.

ही पोत्यांची रीत जुनी आहे. १८५० मध्ये जोसेफ हूकर खासी टेकड्यांत गेला असताना त्याने निळ्या वंदाची सात माणसांची ओझी भरून लंडनच्या क्यू बागेसाठी पाठवली. त्यातली मोजकीच जिवंत पोचली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या कुणी नेलेलं एक ओझं मात्र इंग्लंडात तीनशे पौंडांना विकलं गेलं, हेही. अल्बर्ट मिलिकन नावाच्या ऑर्किड-शिकाऱ्याने १८९१ च्या पुस्तकात कोलंबियातली हकीकत दिली आहे, ती तर वाचवत नाही. दोन महिन्यांत दहा हजार रोपं, आणि त्यासाठी तोडलेले वृक्ष सुमारे चार हजार. त्या काळी निदान एक सबब होती. बियांपासून रोप करता येत नव्हतं. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसनने साखर घातलेल्या खळीवर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं, १९६० मध्ये फ्रान्सच्या मोरेलने शेंड्याच्या कणापासून रोपं केली, आणि ती सबब संपली. आज बाटलीत वाढलेलं निरोगी रोप घरपोच मिळतं. मग पोतं कशाला?

आमच्या बैठकीत यावर उत्तरं आली. पहिलं, "सर, आपण नाही घेतली तर दुसरा घेणार." हे उत्तर मी वर्गात कॉपी करणाऱ्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की त्यावर बोलायचा मला कंटाळा येतो. गाड्यावर विकत घेतलेलं प्रत्येक पोतं म्हणजे पुढच्या पोत्याची ऑर्डर असते. शिवाय राखीव जंगलातून परवानगीशिवाय काहीही उचलणं १९२७ च्या वन कायद्यानेच गुन्हा आहे, तो भाग वेगळा.

दुसरं उत्तर जास्त वजनदार होतं, प्राध्यापकाचं. तो म्हणाला, "सर, रस्ते रुंद होताना शंभर-शंभर वर्षांची झाडं पडतात. त्यांच्यावरच्या आमऱ्या तशाही मरतात. त्या आणल्या तर काय बिघडलं?" काहीच बिघडलं नाही. उलट त्या आणल्याच पाहिजेत. पडलेलं झाड, मोडलेली फांदी, तोडायला काढलेला आंबा यांवरची आमरी मालकाला विचारून सोडवून आणावी, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण ती गच्चीवर टांगण्यासाठी नव्हे. शेजारच्या शिवारातल्या तशाच आंब्यावर सुती दोरीने बांधून द्यावी. वर्षा-दीड वर्षात मुळं पकडतात, दोरी कुजून जाते. कुंडी नको, शेडनेट नको, पाण्याचा ड्रम नको. जो तालुका टँकरवर दिवस काढतो तिथे फवारणी करून दुसऱ्या देशाचं फूल फुलवण्यापेक्षा ही हौस मला जास्त शोभते. (काकू म्हणतील, तुमची सात डेंड्रोबियम कुठल्या देशाची? तीही संकरच आहेत, काकू. पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर आहेत आणि सातावर आठवं मी घेणार नाही.)

तिसरं उत्तर औषधाचं. ही आमरी म्हणजे रास्ना, सांधेदुखीवर चालते, तेव्हा मुळं काढली तर उपयोगच होतो. महारास्नादी काढ्यातली रास्ना नेमकी कोणती यावर वैद्यांचं एकमत नाही. उत्तरेत वेगळीच वनस्पती रास्ना म्हणून वापरतात, केरळात कोळिंजनाच्या जातीची, बंगालकडे ही वंदा. माझेही गुडघे दुखतात. पण इतक्या वादातल्या काढ्यासाठी वीस वर्षांचं झाड उपटायला माझे गुडघे तयार नाहीत.

पुढची बैठक माझ्याकडे आहे. मी तीन गोष्टी मांडणार आहे. जिवंत झाडावरून काढलेलं रोप आपल्यात कुणी आणायचं नाही आणि वाटणीला ठेवायचं नाही. सहलीला जायचं ते फुलं बघायला, रिकाम्या हाताने परत यायचं. आणि कळंबच्या आसपासच्या गावांतल्या आमरीवाल्या आंब्यांची यादी करायची, गाव आणि मालकाच्या नावासह, म्हणजे झाड पडलं तर आपल्याला कळेल. व्ही. एन. नाईक यांनी १९७९ मध्ये 'फ्लोरा ऑफ उस्मानाबाद' हा जिल्ह्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ केला. आता जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, किती आंबे गेले त्याची गणती नाही. आपण निदान एका तालुक्याची वही करू.

सगळे मान्य करतील असं नाही. गाडीचे पैसे दोघांनी आधीच काढून ठेवलेत. पोतं आणणारे गृहस्थ तर येतील की नाही याचीच शंका आहे, त्यांना मी स्वतः जाऊन बोलावणार आहे, कारण दोरी बांधायला त्यांच्यासारखा हात आमच्यात कुणाचा नाही. त्या शेतकऱ्यानेही कळवलंय, बांधाकडचा एक आंबा वाळलाय, पावसाआधी तोडायचाय, वर तीन 'बांडगुळं' आहेत, येऊन घेऊन जा.