डाव्या आरशाचं कुणी नाही

पिकअपचा डावा आरसा एकदा मोडला की तो परत बसत नाही, हा आमच्या भागातला न लिहिलेला नियम आहे. उजवा मोडला तर ड्रायव्हर दुसऱ्याच दिवशी पनवेलला जाऊन नवा आणतो, कारण उजव्याशिवाय त्याची त्यालाच भीती वाटते. डाव्याची भीती ज्याला वाटायला हवी, तो माणूस गाडीच्या बाहेर असतो. सायकलवर असतो, डोक्यावर पाटी घेऊन चालत असतो, नाहीतर मिनिडोरची वाट बघत साइडपट्टीवर उभा असतो. त्याला कोण विचारतो? म्हणून त्याच्या बाजूनं चार शब्द भांडायचे आहेत.

आम्ही पळस्प्याची माणसं. गाड्यांचं शास्त्र आम्हाला वेगळं शिकावं लागत नाही. जुना मुंबई-पुणे रस्ता फाट्यावरून जातो, गोव्याचा रस्ता तिथूनच फुटतो आणि न्हावा-शेव्याच्या बंदराकडचे कंटेनर तिथूनच वळतात. बंदर १९८९ साली सुरू झालं आणि बघता बघता बैलगाडीच्या चाकोरीवर ट्रेलरची चाकं फिरायला लागली. पण आज बोलायचं ते ट्रेलरबद्दल नाही. बोलायचं ते आपल्याच घरातल्या गाडीबद्दल, ज्या जुन्या पिकअपमधून पेंढा, विटा, भाजी आणि लग्नाची भांडी जातात तिच्याबद्दल.

आमच्या काकांकडे जुनी दोनशेसात होती. तिला डावा आरसा नव्हता आणि कुणाला त्याची उणीवही वाटली नाही. कारण डाव्या बाजूला क्लीनर बसायचा. आमच्याकडं त्याला किन्नर म्हणायचे. त्याचा एक हात कायम खिडकीच्या बाहेर, मान अर्धी बाहेर. दरवाज्याच्या पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, एसटीच्या घंटीसारखं. "येऊ दे, येऊ दे... काका, सायकलवाला हाय, थांबा जरा... आता काडा." काका डावीकडं बघायचेच नाहीत. त्यांना दोन डोळे जास्तीचे होते आणि ते पगारावर होते.

पुढं डिझेल वाढलं, भाडी तेवढी वाढली नाहीत. मालकांनी हिशेब मांडला आणि पहिला काट मारला तो किन्नरवर. मी म्हणत नाही की त्यांनी चूक केली. घर चालवायचं असतं. पण एका माणसाचे डोळे गाडीतून उतरवले, तर त्या जागी काहीतरी बसवायला नको का? किन्नर गेला, त्याच्या जागी आरसा आला नाही. माझं सगळं भांडण या एका वाक्याचं आहे.

हा प्रश्न जगाला फार जुना आहे. १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. तेव्हा शर्यतीच्या गाडीत चालवणाऱ्याशेजारी एक मेकॅनिक बसायचा आणि मागून कोण येतंय ते सांगायचा. म्हणजे किन्नरच. रे हॅरून नावाचा गडी एकट्याची गाडी घेऊन आला. बाकीच्यांनी हरकत घेतली, की याला मागचं दिसणार कसं? त्यानं गाडीवर आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. शंभराहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला. माणूस काढलास तर आरसा लाव, एवढं त्या शर्यतवाल्यांना कळलं होतं. आपल्याला अजून कळायचं आहे.

आता लोकांचं म्हणणं ऐकू. पहिलं म्हणणं, "मी वीस वर्सां गारी चालवतंय, मना नको आरसा." अरे दादा, वीस वर्षांपूर्वीचा रस्ता राहिला कुठं? गोव्याचा रस्ता दुपदरी होता तेव्हा मागचा जाणार तो उजवीकडूनच. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरणाचं काम २०११ ला निघालं. ते किती रखडलं ते सांगायला नको, पण जिथं रस्ता रुंद झाला तिथं मोटारसायकलवाले दोन्ही बाजूंनी घुसायला लागले. रस्ता दोन्हीकडून चालता झाला आणि आपली नजर एकीकडचीच राहिली. अनुभव वीस वर्षांचा असेल, पण तो दुसऱ्या रस्त्याचा आहे.

दुसरं म्हणणं, "मागचा हॉर्न वाजवतो ना!" ही सवय तर आपण गाडीच्या पाठीवर रंगवूनच ठेवली होती. 'हॉर्न ओके प्लीज' याचा सरळ अर्थ असा, की मला दिसत नाही, तू ओरड. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं मालवाहू गाड्यांवर ते लिहायला बंदी केली, कारण त्यानं उगाच हॉर्न वाजतात. बरं झालं. पण आरडाओरडा बंद करायचा तर बघणं वाढवायला हवं. आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईनं कुठला हॉर्न वाजवायचा?

हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या आळीतली एक भाजीवाली आजी फाट्यावरून घरी येत होती. एक पिकअप डावीकडं गावच्या रस्त्याला वळली. वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेतून जात नाही, आतून कापून जातं, हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं. आजी त्या आतल्या कोपऱ्यात होती. पाटी चाकाखाली गेली, आजी गटारात पडली, मनगट मोडलं. नंतर तिला त्या हातानं पाटी धरता आली नाही, म्हणजे धंदाच संपला. ड्रायव्हर प्यायलेला नव्हता, जोरातही नव्हता. भला माणूस होता, दवाखान्यात तोच घेऊन गेला. त्याच्या डाव्या दरवाज्यावर आरशाच्या जागी बोल्टांची दोन गंजलेली भोकं होती. वाईट माणसानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळं झालो असतो. भल्या माणसाच्या हातून झालं, म्हणून हे लिहितोय.

तिसरं म्हणणं पैशाचं. आरसा फुटतो, परत परत कोण घालणार? मग मी विचारतो, लिंबू-मिरची दर शनिवारी नवी येते ना? प्रेशर हॉर्नला, लाइटच्या माळेला, काचेवरच्या नावाला पैसे निघतात. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार आरशावरूनच टाकतात आणि डावीकडं आरसा नाही म्हणून हार वायपरला बांधतात! जुन्या पिकअपचा साधा आरसा काही शे रुपयांत येतो. आणखी एक वाईट चाल आहे. आरसा फुटला तर मालक ड्रायव्हरच्या पगारातून कापतो. मग ड्रायव्हर काय करणार? गर्दीत आरसा दुमडून ठेवणार. म्हणजे जिथं बघायची सगळ्यात जास्त गरज, तिथंच डोळा मिटलेला.

कायदा आहे म्हणाल, तर आहे. आठ वर्षांवरची मालवाहू गाडी दरवर्षी पासिंगला न्यावी लागते. तेव्हा आरसा दिसतो. शेजाऱ्याच्या गाडीचा काढून लावलेला असतो, संध्याकाळी परत जातो. आरशाला एका दिवसाचा पाहुणा करून ठेवलाय आपण.

आणि बसवायचाच तर नीट बसवा. काच फुटली की काचवाल्याकडून साधी सपाट काच कापून चिकटवतात, ते करू नका. ड्रायव्हर उजवीकडं बसतो, डावा आरसा त्याच्या डोळ्यांपासून लांब, त्यात सपाट काच म्हणजे दाराच्या फटीतून बघणं. तिथं बाहेरून फुगीर काचच हवी. तिच्यात मागची गाडी आहे त्यापेक्षा लहान आणि लांब दिसते, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री डिझेल सोडा, सकाळी पान्याला ऐकतात. पेंढा भरत असाल तर दांडी लांब घ्या, नाहीतर आरशात पेंढाच दिसेल. आणि आरसा लावायचा तो माल भरल्यावर परत एकदा बघा. पाटे बसले की गाडीचं तोंड वर होतं आणि आरसा लांबचं सोडून जवळचा रस्ता बघायला लागतो. डाव्या आरशात मागचं चाक टेकतं ती जागा दिसली पाहिजे. तिथंच माणसं असतात.

गाडी जुनी आहे, आज ना उद्या भंगारात जाईल, असंही म्हणतात. जाऊ दे की. ती जाईपर्यंत तिच्या डावीकडून चालणारी माणसं काही जुनी नाहीत. उजवा आरसा मालकाची गाडी वाचवतो, डावा दुसऱ्याचा जीव वाचवतो. ज्याला फक्त पहिला परवडतो, त्यानं शेजारी किन्नर बसवावा आणि त्याला पगार द्यावा. दोन्ही नको असेल, तर गाडी अंगणात उभी करावी.