नंबर लागला नाही म्हणे! मग अपील करा

बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशफेऱ्या संपत आल्या की आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : "नंबर लागला नाही, पोरीचं नशीब!" आमचा या वाक्यालाच विरोध आहे. प्रवेश नशीब नाकारत नाही. कुठल्या तरी कार्यालयातला माणूस, कुठल्या तरी नियमावर बोट ठेवून तो नाकारतो. माणसाने घेतलेला निर्णय तपासता येतो आणि त्याला आव्हानही देता येते. ज्या समाजाला गेल्या जन्मीच्या कर्माचा हिशेब दाखवून शतकानुशतके दाराबाहेर ठेवले, त्याने तरी 'नशीब' हा शब्द इथे वापरू नये.

खोटी आशा आम्ही विकत नाही. सीईटीत गुणच कमी पडले असतील तर अपील करून जागा मिळणार नाही. त्या मुलीने पुन्हा परीक्षा द्यावी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत जीएनएमला जावे. पण गुण आहेत, यादीत नाव आहे आणि तरीही दार बंद झाले, तर तो नाकारलेला प्रवेश आहे. आपल्या मुलींच्या वाट्याला तो तीन-चार ठरलेल्या मार्गांनी येतो.

पहिला मार्ग जात पडताळणीचा. २००० सालच्या महाराष्ट्राच्या कायद्याने जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. बोगस प्रमाणपत्रे रोखायला हे हवे, मान्य. पण समितीच्या टेबलावर फाईल महिनोन्‌महिने पडते आणि शिक्षा होते ती अठरा वर्षांच्या मुलीला. वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाची वैधता असेल आणि त्यात फसवणूक नसेल, तर समितीने साधारणपणे तीच ग्राह्य धरावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले आहे. तरी बापाची वैधता जोडूनही मुलीला पुन्हा पणजोबाचा शाळेचा दाखला मागतात. ज्या पणजोबाला शाळेत बसू दिले नाही, त्याचा दाखला आणायचा कुठून?

दुसरा मार्ग गुणवंत मुलीला तिच्या कोट्यात कोंबण्याचा. खुल्या यादीत बसण्याइतके गुण असतील तर ती मुलगी खुल्या जागेची हक्कदार आहे. तिने आवडीच्या कॉलेजसाठी राखीव जागा घेतली तरी ती राखीव कोट्यात मोजायची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली महाराष्ट्रातल्याच वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सांगितले. अशी एक मुलगी चुकीच्या रकान्यात मोजली की खाली दुसरी मुलगी बाहेर पडते. या दुसरीला आपण का बाहेर पडलो हे कधी कळतच नाही.

तिसरा मार्ग पैशाचा. भारत सरकार शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलीकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नका, असे शासनाने वारंवार बजावले आहे. तरी काही खासगी कॉलेजे खिडकीवरच "आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत घ्या" म्हणतात. मजुरी करणारा बाप चोवीस तासांत पैसे आणू शकत नाही. मग नोंद होते, 'उमेदवार हजर झाली नाही.' ती हजर होती. तिला परत पाठवले होते!

इथे कुणी म्हणेल, नर्सिंग हे गुणवत्तेचे क्षेत्र आहे, रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे. या गुणवत्तावाल्यांना आम्ही इतिहास विचारतो. बाळंतपणाचा विटाळ मानणाऱ्या घरांनी नाळ कापायला कुणाच्या सुइणींना बोलावले? १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांना हात कुणी लावला? सावित्रीबाई फुले त्याच सेवेत प्लेग होऊन गेल्या. काम घाणीचे आणि बिनपगारी होते तोवर ते आमच्या माथी. त्याला पदवी, सरकारी वेतनश्रेणी आणि परदेशची नोकरी चिकटली, तेव्हा गुणवत्ता आठवली.

आता अपील म्हणजे करायचे काय? आधी नकार लेखी मागा. तोंडी नकाराला अपील नसते, म्हणून तर तो तोंडी देतात. लेखी देत नसतील तर त्याच दिवशी अर्ज लिहून आवक शिक्का घ्या, ई-मेलही पाठवा. तात्पुरत्या यादीवर हरकतीची मुदत असते, ती चुकवू नका. तक्रार सीईटी कक्षाकडे करा. खासगी कॉलेज असेल तर २०१५ च्या कायद्याने नेमलेल्या प्रवेश नियामक प्राधिकरणाकडेही करा. माहितीच्या अधिकारात यादी आणि रिक्त जागांचा तपशील मागा, पण उत्तराला तीस दिवस लागू शकतात, म्हणून त्यासाठी तक्रार थांबवू नका. पडताळणी समितीच्या निर्णयाविरुद्ध फक्त उच्च न्यायालयात जाता येते. तिथे वकिलाच्या फीची भीती बाळगू नका. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे.

"मुदत संपली, आता काही होत नाही," हे वाक्य तर कारकुनांना पाठ आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने एमबीबीएसच्या प्रकरणात सांगितले की विद्यार्थ्याची चूक नसेल, त्याने विलंब न करता दाद मागितली असेल आणि दोष प्रशासनाचा असेल, तर जागा वाढवूनही प्रवेश देता येतो. ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने धनबादच्या आयआयटीला एका दलित मजुराच्या मुलाला प्रवेश द्यायला लावला. साडेसतरा हजार रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून त्याची जागा गेली होती. आयोग, विधी सेवा प्राधिकरण, उच्च न्यायालय असे दरवाजे ठोठावत तो दिल्लीपर्यंत गेला. पहिल्या नकारावर घरी बसला असता तर?

आमचेच काही लोक समजावतात, "अपील करून साहेबांच्या डोळ्यांवर कशाला यायचं? चौकातला सहा महिन्यांचा नर्सिंगचा कोर्स करू दे." या कोर्सवर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही आणि नोंदणीशिवाय ती मुलगी कायद्याने नर्स होत नाही. आयुष्यभर तुटपुंज्या पगारावर नर्सचे काम करणारी आया होते. नाकारलेल्या मुलींवरच ही दुकाने चालतात.

शासनाकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक नकार कारणासह लेखी द्या. तक्रार निकाली निघेपर्यंत ती जागा दुसऱ्याला देऊ नका. पडताळणीची फाईल समितीकडे अडली असेल तर तिचा फटका मुलीला बसू देऊ नका. शुल्कासाठी परत पाठवणाऱ्या कॉलेजवर कारवाई करा आणि ती जाहीर करा.

आणि समाजाला एवढेच सांगणे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा कोर्टात धावले ते सवर्ण. दावा त्यांनी लावला, हरल्यावर वर अपिलेही त्यांनीच केली. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात ते शेवटचे हरले. अन्याय टिकवण्यासाठी त्यांना दहा वर्षे अपील करायला लाज वाटली नाही. मग न्याय मागताना आपल्या पोरीने एक अर्ज करायला का लाजावे?

जय भीम!