पावसाचे श्रेय लाटू नका!

नांदेडच्या जुन्या पुलावर गोदावरी 351 मीटरला पोहोचली की इशारा दिला जातो आणि 354 मीटरला धोका जाहीर होतो. पुराच्या रात्री तासातासाला पातळीची नोंद होते. विष्णुपुरी धरणाचे किती दरवाजे उघडले, किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, हे काठावरच्या गावात फोनवर कळते. गोदावरीवरच्याच बाभळी बंधाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाचा 28 फेब्रुवारी 2013 चा निकाल लागू आहे. 1 जुलैला दरवाजे वर, 28 ऑक्टोबरनंतर खाली आणि 1 मार्चला तेलंगणासाठी 0.6 टीएमसी पाणी! तारीख चुकत नाही, माप चुकत नाही. तेव्हा नदी मोजता येत नाही ही सबब निदान या जिल्ह्यात कोणी पुढे करू नये. पाणी किती आहे हे आपण चोख मोजतो. त्या पाण्यात काय मिसळले आहे आणि कोट्यवधी रुपये ओतल्यावर ते कमी झाले की वाढले, हे मात्र नांदेडकराला आणि लातूरकराला आजवर कोणी छातीठोकपणे सांगितलेले नाही.

योजनांना तोटा नव्हता. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत नांदेडचे नाव होते. 2008 साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त देशभरातून भाविक येणार म्हणून जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून शहराला निधी मिळाला. घाट झाले, रस्ते झाले, मलनिस्सारणाची कामे झाली. त्यानंतर दहा वर्षांनी, 2018 साली, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या 351 प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यात महाराष्ट्राचे 53 पट्टे, म्हणजे देशात सर्वाधिक! नाशिकजवळच्या सोमेश्वरपासून आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या राहेरपर्यंतची गोदावरी त्या यादीत सर्वांत गंभीर गटात होती. 2022 च्या यादीत देशातले पट्टे 311 वर आले, महाराष्ट्राचे मात्र 55 झाले. जे पट्टे यादीतून सुटले ते कामांमुळे सुटले की चांगल्या पावसामुळे, हे त्या यादीवरून कळत नाही. आमचा संताप नेमका इथे आहे.

मार्च-एप्रिलमध्ये नगीना घाटाच्या पायऱ्या उतरून पाहा. प्रवाह थांबलेला, कडेला जलपर्णी, पाण्यावर हिरवट साय आणि दर्प. तोच घाट ऑगस्टमध्ये पाहा: गढूळ का होईना, पाणी वाहते आहे, दर्प गेला आहे. या चार महिन्यांत महापालिकेने एकही नाला अडवलेला नसतो. जे केले ते पावसाने केले. ऑगस्टचा नमुना मार्चच्या नमुन्याशेजारी ठेवून कोणी ‘सुधारणा’ दाखवत असेल, तर ती जनतेची उघड फसवणूक आहे.

लातूरची मांजरा नदी याहून कडक साक्ष देते. एप्रिल 2016 मध्ये तिच्यावरचे धनेगावचे धरण कोरडे पडलेले होते आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, त्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरेला पूर आला आणि धरण भरले. आता सांगा, 2015 चा उन्हाळा आणि 2016 चा हिवाळा यांतले आकडे शेजारी मांडून कोणत्या योजनेचे मूल्यमापन करणार? मराठवाड्यात नदीचे पाणी एका वर्षात दहा रंग दाखवते. इथे दोन नमुन्यांवर निष्कर्ष काढणे म्हणजे गणिताचा खून आहे.

हिशेब अवघड नाही. एका दिवशी नदीतून सेकंदाला 10 घनमीटर पाणी वाहते आहे आणि लिटरमागे 800 मिलिग्रॅम क्षार आहेत असे धरा. म्हणजे सेकंदाला 8 किलो क्षार खाली जात आहेत. पुढे पाऊस झाला, प्रवाह 40 घनमीटर झाला आणि क्षार लिटरमागे 300 मिलिग्रॅमवर आले. अहवालात लिहिले जाईल, ‘क्षार निम्म्याहून कमी.’ प्रत्यक्षात सेकंदाला 12 किलो वाहत आहेत, ओझे दीडपट झाले आहे! म्हणून नुसते प्रमाण सांगून भागत नाही आणि नुसते ओझे सांगूनही भागत नाही. सारख्या प्रवाहाचे, सारख्या ऋतूतले दिवस निवडून, काम होण्याआधीची आणि नंतरची अनेक वर्षे समोरासमोर ठेवावी लागतात. शेतकरी रास मोजतो, नांगराचे फेरे मोजत नाही. आमच्या योजनांचे अहवाल मात्र फेऱ्यांनी भरलेले असतात: इतके किलोमीटर गटार, इतक्या दशलक्ष लिटरचे शुद्धीकरण केंद्र, इतके कोटी खर्च. नदी किती सुधारली, तो रकाना कोरा.

क्षारांचा मुद्दा आम्ही मुद्दाम पुढे आणत आहोत, कारण तो सर्वांच्या नजरेतून सुटला आहे. नदी स्वच्छ की घाण हे आपण जैविक ऑक्सिजनच्या मागणीवरून, म्हणजे बीओडीवरून, ठरवतो. लिटरमागे 3 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर पाणी अंघोळीला योग्य. हे माप हवेच. पण सांडपाणी शुद्धीकरण केंद्र सेंद्रिय घाण काढते. पाण्यात विरघळलेले क्षार नेहमीच्या प्रक्रियेत निघत नाहीत. साबणाचे, मिठाचे, घरोघरच्या आणि जारवाल्यांच्या शुद्धीकरण यंत्रांतून गटारात सोडलेल्या पाण्याचे क्षार केंद्रातून जसेच्या तसे नदीत उतरतात. कागदावर नदी पास होते आणि खालच्या मुदखेड, नायगाव, उमरी, धर्माबादचा शेतकरी तेच पाणी मोटारीने काळ्या भारी जमिनीत सोडतो. निचरा नसलेल्या त्या रानात उन्हाळ्यात पांढरा थर दिसू लागतो, सोडियम वाढले की जमीन चोपण होते, उगवण विरळ पडते. जमीन एकदा चोपण झाली की जिप्सम टाकून, चर खोदून ती परत आणायला वर्षे लागतात. क्षार मोजायला तर पेनाएवढे विद्युतवाहकतेचे यंत्र पुरते! पाण्यात बुडवले की क्षणात आकडा. बीओडीला नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यावा लागतो, 27 अंशांवर तीन दिवस थांबावे लागते. जे माप सर्वांत स्वस्त, तेच आमच्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे.

जगात हे काम झालेले आहे. अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या क्षार नियंत्रणाचा कायदा 1974 साली झाला. नदीवरच्या तीन ठिकाणी मर्यादा ठरल्या: हूवर धरणाखाली लिटरमागे 723 मिलिग्रॅम, पार्कर धरणाखाली 747, इम्पिरियल धरणाशी 879. सरासरी प्रवाहाच्या प्रमाणात काढायची आणि दर तीन वर्षांनी मर्यादांचा फेरविचार करायचा. ऑस्ट्रेलियाने मरे नदीवर मॉर्गन येथे लक्ष्य ठेवले: 95 टक्के काळ वाहकता सेंटिमीटरला 800 मायक्रोसीमेन्सच्या आत. तिथे पावसाची पळवाटही बुजवली आहे. 1975 ते 2000 या काळात जसे ओले-कोरडे हंगाम आले तसेच पुन्हा आले, तर आजच्या कामांनी क्षार किती घटतील, हे गणिताने तपासतात. प्रत्येक राज्याच्या नावावर जमा-खर्चाची वही असते आणि तिचे स्वतंत्र लेखापरीक्षण होते. पाऊस चांगला झाला म्हणून कोणत्या मंत्र्याला पाठ थोपटून घेता येत नाही आणि दुष्काळ पडला म्हणून कोणाला सुटताही येत नाही.

आमच्याकडे काय कमी आहे? गोदावरीवर नांदेडच्या खाली येळी येथे आणि मांजरेवर लातूरच्या खाली, कर्नाटकातल्या सायगाव येथे, केंद्रीय जल आयोग प्रवाह मोजतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नमुने घेते. विष्णुपुरीच्या जलाशयाजवळ स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थाही तिथेच आहे. यंत्रे आहेत, माणसे आहेत, प्रवाहाचे जुने आकडे आहेत. प्रवाहाचा आकडा एका खात्यात, गुणवत्तेचा दुसऱ्यात, खर्चाचा तिसऱ्यात, आणि तिन्ही एका कागदावर आणण्याची जबाबदारी कोणाचीच नाही! हा गुन्हा आळसाचा आहे आणि त्याची शिक्षा नदीकाठची पोरेबाळे भोगत आहेत.

आमची मागणी स्पष्ट आहे. शहराच्या वर आणि खाली ठरलेल्या जागी, ठरलेल्या तारखांना, बीओडी, जिवाणू आणि वाहकता प्रवाहासह मोजा. नमुने ठेकेदाराने किंवा महापालिकेने घेऊ नयेत, ते काम विद्यापीठाकडे द्या. योजनेचा पहिला रुपया खर्च होण्याआधीची तीन वर्षांची नोंद मांडल्याशिवाय नवे देयक मंजूर करू नका. नोंद नसेल तर आजपासून सुरू करा. शेवटचा हप्ता काम संपल्यावर नव्हे, नदी सुधारल्याचे सिद्ध झाल्यावर द्या.

नांदेड आणि लातूरच्या मतदारांनो, तुमच्या प्रभागातला नगरसेवक पुढच्या वेळी दारात आला की त्याला किती कोटी आणले हे विचारू नका. शहराच्या वरच्या पाण्यात आणि खालच्या पाण्यात गेल्या उन्हाळ्यात किती फरक होता आणि त्याआधीच्या पाच उन्हाळ्यांत किती होता, हे विचारा. उत्तर कागदावर मागा, तारखेसह मागा आणि ते मिळेपर्यंत त्याला दारातून हलू देऊ नका.