रोमन अंकांचा मोह

आपल्या विद्वत्पत्रिकांतून आणि चिकित्सक आवृत्त्यांतून खंड, प्रकरणे व कोष्टके रोमन अंकांनी दर्शविण्याचा प्रघात अद्याप टिकून आहे. त्यामुळे ग्रंथास भारदस्तपणा येतो, अशी समजूत त्यामागे असावी. संख्या लहान असेतो फारसे बिघडत नाही. परंतु १८८८ हे वर्ष लिहावयास रोमन पद्धतीत तेरा अक्षरे लागतात. आपणांस चार अंक पुरतात. त्याहून मोठ्या संख्यांसाठी अक्षरांवर आडवी रेघ ओढून सहस्रपट दर्शविण्याची रीत आहे. कलियुगाची ४,३२,००० वर्षे या रीतीने लिहिली आणि छपाईत रेघ उडाली, तर केवळ ४३२ उरतात. ही चूक एका संपादकाकडून दुसऱ्याकडे निमूटपणे जाते.

या संदर्भात जयपूरचे उदाहरण चिंतनीय आहे. १७२७ मध्ये हे नगर वसविणाऱ्या सवाई जयसिंहाच्या आश्रयास जगन्नाथ सम्राट हे पंडित होते. परंपरा त्यांना महाराष्ट्रीय मानते. टॉलेमीच्या ग्रंथाच्या नसीरुद्दीन तूसीकृत अरबी संस्करणावरून त्यांनी १७३२ मध्ये ‘सम्राट्‌सिद्धान्त’ सिद्ध केला. अरबी ज्योतिषाच्या कोष्टकांत संख्या अबजद क्रमाने अक्षरांत लिहीत. संस्कृतात येताना षष्टिमान तसेच राहिले. अक्षरांची जागा मात्र नागरी अंकांनी घेतली. याच पंडितांनी युक्लिडचा ग्रंथ ‘रेखागणित’ म्हणून १५ अध्यायांत आणला. त्यातील आकृत्यांच्या बिंदूंना अ, ब, ज, द अशी अबजद क्रमाचीच नावे आहेत. अक्षरे बिंदूंच्या नावांपुरती राहिली, संख्येचे काम अंकांकडे आले. परक्या शास्त्राचा निःसंकोच स्वीकार करतानाही त्यांचा हा विवेक सुटला नाही.

भूतसंख्यांचा दाखला देऊन कोणी म्हणेल की, अंकांऐवजी शब्द योजणे आपल्याकडेही होतेच. ते खरे आहे. परंतु ख, ख, ख, नेत्र, अग्नी, वेद असे म्हटले, आणि एककापासून डावीकडे मांडत गेले, की ४,३२,००० हीच संख्या मिळते. शब्द आले तरी स्थान आणि शून्य ढळत नाहीत. रोमन पद्धतीत ही दोन्ही नाहीत.

प्रास्ताविकाची पृष्ठे मूळ ग्रंथाहून वेगळी दाखविण्याची निकड आम्हांस मान्य आहे. त्यासाठीही रोमन अंकांची गरज नाही. अनेक मराठी ग्रंथांत ती एक, दोन, तीन अशा शब्दांत छापलेली आढळतात. तेव्हा भारतीय भाषांच्या नियतकालिकांनी खंड, कोष्टके आणि संदर्भ यांसाठी स्थानमूल्याचे अंकच वापरावेत, आणि जुन्या आवृत्त्यांतील रोमन निर्देश उद्धृत करतानाही ते अंकांत द्यावेत. संदर्भ हा वाचकास मूळ स्थळी नेण्यासाठी असतो. त्याला वाटेत अडविणारा भारदस्तपणा विद्येच्या उपयोगाचा नाही.